रांगोळीसाठी घेतलेली लेन्स

तुमच्या बाबाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना माझ्याकडे पाठवला, हे तुम्हाला आठवत असेल. खोक्यात तुम्ही दोघांनी चिठ्ठी ठेवली होती, "आजी, रोज एक फोटो." तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईला कुणी गृहपाठ दिला की ती तो करतेच. मी कॅमेऱ्याबरोबरचं पुस्तक तीनदा वाचलं, जिथे अडलं तिथे पेन्सिलीने खूण केली, आणि एक वही घातली. पहिले दोन महिने तुम्हाला तुळस, खार आणि वर्तमानपत्र वाचणारे आजोबा यांचे फोटो येत राहिले. बहुतेक अंधूक आणि हललेले. तुम्ही "खूप छान, आजी" असं लिहायचात. तुम्ही चांगली मुलं आहात.

खरं काम मात्र संक्रांतीनंतर सुरू झालं, आणि ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची मोठी बहीण, तुम्ही दोनदाच पाहिलीत. मी त्यांना वन्सं म्हणते. आजोबा जिज्जी म्हणत, कारण झाशीत मोठी बहीण ती जिज्जीच, मग घर मराठी का असेना. बाविसाव्या वर्षी त्या विधवा होऊन एक ट्रंक घेऊन माहेरी आल्या आणि साठ वर्षं इथेच राहिल्या. मी सकाळी साडेनऊला कॉलेजात जायची तेव्हा तुमचा बाबा त्यांच्या कडेवर असायचा. माझी नोकरी, माझं पेन्शन, माझं इंग्रजी, सगळं त्यांच्या जिवावर झालं. त्या मला "मास्तरीणबाई" म्हणत. त्यात थोडं कौतुक होतं आणि थोडा टोमणा.

आमच्याकडे चैत्रातल्या चार शुक्रवारी चैत्रांगण काढतात. म्हणजे गौरीसमोर, ओसरीवर, गेरूने सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने काढलेलं एक अख्खं जग. मधे मखरात दोन गौरी, भोवती सूर्य, चंद्र, शंख, कमळ, कासव, नाग, तुळशीवृंदावन, फणी, आरसा, करंडा, कैऱ्यांचा घोस, माहेरी जायची पालखी. सगळ्या रेषा दोऱ्याइतक्या बारीक, चिमटीतून सोडलेल्या. झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी आता मोजकीच उरली, आणि त्यांतही हे पूर्ण काढणाऱ्या वन्संच होत्या. मी कधी शिकले नाही. त्या काळी मला ते रिकामटेकडं काम वाटायचं.

त्या पहाटे पाचला बसायच्या आणि आठपर्यंत संपवायच्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येत, आंब्याची डाळ खात, पन्हं पीत, रांगोळीकडे बघून "वा, काय हात आहे" म्हणत. तो हात त्या वेळी मागच्या खोलीत भिजवलेले हरभरे द्रोणांत भरत असायचा. त्या पुढे येत नसत. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. कुणी या असंही म्हटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाची बशी वाजायची. डॉक्टरांनी "उम्र है माताजी" एवढंच सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वन्सं रांगोळीची पूड चाळत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, या चैत्रात जमेल. पुढच्याचं सांगत नाही."

तेव्हा मी ठरवलं की हे चैत्रांगण फोटोंत पकडायचं. नीट, प्रत्येक रेष दिसेल असं. तुमच्यासाठी, आणि तुमच्यानंतर ज्या कुणाला हवं असेल त्यांच्यासाठी. या एकाच कामासाठी मी लेन्स आणि फ्लॅश शोधायला निघाले.

कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स वाईट नव्हती. लांबचं जवळ आणता येतं, जवळचं लांब ढकलता येतं. पण तिचं तोंड लहान. लेन्सवर एक आकडा लिहिलेला असतो. तो जितका लहान, तितकं तिचं तोंड मोठं उघडतं आणि तितका उजेड आत येतो. आमची ओसरी पश्चिमेकडे, सकाळी तिथे उजेड असा नाहीच. त्या लेन्सने तिथे फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा इतका वेळ उघडा राहतो की माझा श्वाससुद्धा फोटोत हलतो.

वहीत मी रकाने आखले. पस्तीस मिलिमीटरची लेन्स, पन्नास मिलिमीटरची लेन्स. उजेड किती, किंमत किती, जुनी मिळेल का. पस्तीसची नवीच घ्यावी लागणार होती आणि पन्नासच्या दुप्पट महाग होती. पन्नासची स्वस्त, आणि सगळे जण नवशिक्याला तीच घ्या म्हणत होते. ती वही घेऊन मी लक्ष्मी गेटाजवळच्या एका स्टुडिओत गेले. मालक पन्नाशीचे, लग्नाचे फोटो काढणारे, पानाने लाल ओठांचे.

"किसकी फोटो लेनी है, अम्माजी? नाती-पोतों की?"

"रंगोली की."

"लो! रंगोली तो मोबाइल से भी आ जाती है."

मी वही उघडली आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. चौथ्या प्रश्नाला त्यांनी पानाची पिंक टाकून घेतली आणि माझ्या रकान्यांकडे बघितलं.

"काए अम्मा, हमाओ पेपर ले रही हो का?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. मीही हसले. मग त्यांनी कपाटातून एक जुनी पन्नासची काढली, काचेवर फुंकर मारली, उजेडाकडे धरून मला आरपार दाखवली. बुरशी नाही, चरा नाही, फक्त कडेचा रंग उडालेला. "पचास वाली ले जाओ. पेट नहीं काटेगी. चेहरा ऐसा आएगा कि देखते रह जाओगी."

मला चेहरे काढायचे नव्हते. पण स्वस्त होती, उजेड भरपूर घेत होती, आणि माझ्या तिन्ही रकान्यांत तिलाच बरोबरची खूण होती. मी घेतली.

चौथा रकाना मी आखलाच नव्हता. फोटो काढणाऱ्याला मागे सरायला जागा किती, हा. पन्नासची लेन्स जवळचंच दाखवते, अख्खं काही बघायचं तर दहा पावलं मागे जावं लागतं. आमच्या ओसरीत तीन पावलांवर भिंत आहे. घरी येऊन भिंतीला पाठ टेकून बघितलं तर अर्धी ओसरीसुद्धा दिसेना. आजोबा खुर्चीतून बघत होते.

"भिंत पाडायची का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुकड्यातुकड्याने काढीन. आधी सूर्य, मग चंद्र, मग मखर. ते काही वाईट नव्हतं. जवळचे बारकावे तर फार सुंदर येत होते.

पहिला शुक्रवार वाया गेला. उजेड कमी पडला म्हणून कॅमेऱ्यातच असलेला छोटा फ्लॅश मी उघडला. समोरून थेट प्रकाश पडला की रांगोळीची बारीक रेष मरते. सगळं खडूची पूड सांडल्यासारखं पांढरं झालं. पुन्हा स्टुडिओत गेले. दोन फ्लॅश समोर आले. एक लहान, मान ताठ असलेला. दुसरा थोडा मोठा, मान फिरणारा, पण सगळे आकडे हाताने लावायचे. माझ्यासारखीला हाताने लावायचं काय भय? मी दुसरा घेतला, आणि त्याला लागणारे सेल. मान वर करून उजेड छतावर मारायचा, छतावरून तो मऊ होऊन खाली येतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घराचं छत पांढरं असणार. आमचं पिस्ता रंगाचं. दुसऱ्या शुक्रवारी गौरींना कावीळ झाली.

वन्संनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं. "अगं बाई, या आजारी दिसतायत. त्यांना काढा पाज."

तिसऱ्या शुक्रवारी जमलं. फ्लॅश तारेने कॅमेऱ्याला जोडला आणि आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो जमिनीलगत, एका बाजूने धरायचा, म्हणजे उजेड रांगोळीवरून आडवा घासत जाईल आणि प्रत्येक कणाला त्याची बारकी सावली मिळेल. आजोबांनी रेल्वेत गार्ड म्हणून पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून दिवा दाखवला आहे, त्यांचा हात हलत नाही. "सिग्नल दे," ते म्हणत, आणि मी बटण दाबायची.

पहिला फोटो काचेत उमटला. पालखीचे गोंडेसुद्धा दिसत होते. पण एका बाजूला एक मोठा काळा डाग होता. वन्सं तिथेच बसल्या होत्या, कैऱ्यांच्या घोसाशेजारी, एक पाय पसरून, चिमटीत पूड घेऊन.

मी म्हटलं, "वन्सं, जरा सरता का? तुमची सावली पडतेय."

त्या सरल्या. त्यांना पटकन उठता येत नव्हतं. एक हात जमिनीवर, मग गुडघा, मग भिंतीचा आधार. आजोबांनी हातातला फ्लॅश खाली ठेवून त्यांना धरलं. मी तोवर आकडे तपासत होते. त्या मागे गेल्यावर रांगोळीवर एकही डाग उरला नाही, आणि मी सलग तीस-बत्तीस फोटो काढले.

चौथ्या शुक्रवारी मला सांगावंही लागलं नाही. मी कॅमेरा उचलला की त्याच म्हणायच्या, "थांब, मी होते बाजूला." तरी चुकून कुठे त्यांचा हात यायचा, कुठे पांढऱ्या लुगड्याचा काठ, एकदोनदा अख्खा चेहरा, खाली वाकलेला, जीभ दातांत धरलेली. कॅमेऱ्यातलं कार्ड लहान होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी, बायका गेल्यावर, मी बसून छाननी करायची. हललेले, अंधारे, आणि ज्यांत रांगोळीखेरीज काही आलंय असे सगळे खोडून टाकायची. वहीत त्यांच्यापुढे "सदोष" असं लिहिलेलं आहे. माझं अक्षर चांगलं आहे, तुम्हाला सहज वाचता येईल.

त्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी काम झाल्यावर वन्सं मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं पांढरी. दारातून येणारा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. फ्लॅश नको, काही नको, असा उजेड. पन्नासची लेन्स कॅमेऱ्यावर लावलेलीच होती. मी कॅमेरा उचलला.

त्यांनी पदर तोंडावर ओढला. "छे गं. आज गौरीचा दिवस. त्यात माझा कशाला?"

"एकच, वन्सं."

"नंतर काढ. मी कुठे पळतेय?"

मी म्हटलं, "बरं." कॅमेरा खाली केला. मला तेव्हा वाटलं की मी त्यांचा मान ठेवला. तुम्ही मोठे झालात की तुम्हाला कळेल, शिकलेल्या माणसाला आपल्या भिडस्तपणाचा फार अभिमान असतो. त्या पुढच्या खोलीत येत नाहीत यावर मी कॉलेजातल्या मैत्रिणींशी तावातावाने बोललेली आहे. त्यांच्याशी कधी बोलले नाही.

त्याच संध्याकाळी मी वहीत पुढची कामं लिहिली. त्यात "वन्सं, चेहरा" हे होतं. त्यापुढे कंसात, "दिवाळीनंतर, उजेड मऊ असताना. तोवर पस्तीसची लेन्स." म्हणजे त्या, त्यांची खोली, खिडकी, ट्रंक, सगळं एका फोटोत मावेल. पेन्शनमधून थोडं थोडं बाजूला ठेवायला मी सुरुवातही केली होती.

वैशाखात इथे दगडसुद्धा तापतात. वन्सं दुपारभर ओलं फडकं कपाळावर ठेवून पडून राहायच्या. जेवण कमी झालं. आषाढात त्या उठेनाशा झाल्या. शेजाऱ्यांचा सावन पौर्णिमेलाच लागला होता, आपला श्रावण अमावास्येनंतर लागायचा होता, अशा मधल्या पंधरवड्यात एका सकाळी त्या गेल्या. मी चहा घेऊन गेले होते. फार काही झालं नाही. आजोबा खूप वेळ त्यांचा तो उजवा हात धरून बसले. तो आता थरथरत नव्हता.

दहाव्या दिवशी आजोबा माझ्याकडे आले. मी गुरुजींना लागणाऱ्या सामानाची यादी करत होते.

"तेराव्याला जिज्जीचा फोटो लागेल," ते म्हणाले. "तू इतके काढलेस. त्यातला एखादा चांगला दे."

मी कॅमेरा आणला. आम्ही दोघं पलंगावर बसलो आणि मी एकेक फोटो पुढे सरकवायला लागले. सूर्य. चंद्र. शंख. कासव. आजोबा दर वेळी थोडे पुढे वाकायचे. करंडा. आरसा. पालखी. मधे मधे ते म्हणायचे, "पुढे." सगळे संपायला बराच वेळ लागला. शेवटच्या फोटोनंतर पुन्हा पहिला आला.

"आणि जिज्जी?"

मी म्हटलं, "नाहीये."

"एकपण नाही?"

"होते. मी काढून टाकले."

ते उठले आणि वन्संची ट्रंक उघडून बसले. त्यात त्यांच्या लग्नातला फोटो असेल असं त्यांना वाटलं होतं. नव्हता. तो कुणी कधी काढून घेतला, कुणास ठाऊक. शेवटी आधार कार्ड सापडलं. त्यावरचा फोटो नखाएवढा, कुठल्याशा शिबिरात काढलेला, डोळे दचकलेले.

ते कार्ड घेऊन मी लक्ष्मी गेटावर गेले. स्टुडिओवाल्यांनी ते हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी थट्टा केली नाही. "कल ले जाना, अम्माजी. पूरा बना देंगे." दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेमसकट दिला. मी रिक्षात बसल्यावर कागद सोडला. त्यांनी मेहनत घेतली होती. मागे निळं आभाळ लावलं होतं, सुरकुत्या पुसल्या होत्या, लुगड्याला लाल काठ आला होता. आणि कपाळावर, मधोमध, गोल मोठी टिकली.

त्यांचा दोष नाही. रिकामं कपाळ त्यांना उणं वाटलं असणार. आमच्या घरची गोष्ट त्यांना कशी माहीत असेल?

मला, खरं सांगते, तो फोटो आवडला. वन्सं कशा दिसल्या असत्या ते मी पहिल्यांदा बघत होते. मी आजोबांना तसं म्हटलंसुद्धा. "राहू दे ना. किती छान दिसतायत."

त्यांनी फ्रेम दोन्ही हातांत धरली. "ही कोण?"

"अहो, असं काय करता? बरंच झालं की. आता तरी."

"साठ वर्षं ती याच घरात होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला जमलं नाही तिला लाव म्हणायला. मला जमलं नाही. आता कागदावर लावतेस?"

मी ती फ्रेम परत घेऊन गेले. स्टुडिओवाल्यांना म्हटलं, टिकली काढा, लाल काठ काढा, आभाळ काढा, सुरकुत्या परत आणा. ते म्हणाले, "फिर तो कुछ बचेगा नहीं, अम्मा. फोटो बहुत छोटी है. फट जाएगी." मी म्हटलं, फाटू दे. म्हणून जो आला तो पोस्टकार्डाएवढाच. त्याहून मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन पडतात. त्यांचे ते दचकलेले डोळे, विरळ केस, कपाळ रिकामं.

आजोबांनी स्वतः खिळा ठोकला, पुढच्या खोलीत, जिथे हळदीकुंकवाला बायका बसतात. फोटो सरळ आहे की नाही ते दारात उभं राहून चारदा बघितलं.

पस्तीसची लेन्स मी घेतली नाही. पन्नासची आणि फ्लॅश कपाटात आहेत, सेल बाहेर काढून ठेवलेत. तुम्हाला फोटोग्राफी शिकायची असेल आणि लेन्स कोणती घेऊ असं विचारलंत तर मी अजूनही पन्नासचीच घ्या म्हणेन. स्वस्त आहे, उजेड भरपूर घेते, आणि माणसाचा चेहरा तिच्यात खरंच चांगला येत असणार.

या पत्राबरोबर चैत्रांगणाचे अकरा फोटो पाठवते आहे. मागे प्रत्येकावर काय आहे ते मी लिहिलं आहे. सगळे स्वच्छ आले आहेत, कुठेही डाग नाही. हे चैत्रांगण कुणी काढलं आणि ती यांत कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. ती तिथेच होती, प्रत्येक वेळी, हातभर अंतरावर. मीच तिला बाजूला सर म्हटलं.